नवा शिक्षक : तपासणी की सोबत ?

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळांची वाट बी.एड.कडे वळते. बारावीनंतर डी.एड. करून मग बी.ए.ला आलेलेही आपल्यात काही जण आहेत. बीड जिल्ह्यातील शेती पावसाच्या भरवशावर, कारखानदारी थोडी. तेव्हा शिकलेल्या मुलामुलींना मास्तरकीची नोकरी जवळची वाटावी यात नवल ते काय? या नोकरीविषयी आपण बोलतोही भरपूर. टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल, गुणवत्ता यादी हे शब्द कँटीनमध्ये जितक्या वेळा कानी पडतात तितक्या वेळा ज्ञानेश्वर किंवा शेक्सपिअर पडत नाहीत. परंतु ही सारी चर्चा नेमणुकीचा आदेश हाती पडेपर्यंतची. आदेश घेऊन माणूस शाळेवर हजर झाला, फळ्यापुढे उभा राहिला, त्यानंतर त्याचे काय होते आणि त्याला हात कोण देते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. माझे थोरले चुलते चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले, आणि माझी आतेबहीण काही वर्षांपूर्वी शिक्षणसेविका म्हणून लागली. या दोघांशी व त्यांच्या परिचयाच्या शिक्षकांशी झालेल्या बोलण्याचा या विवेचनाला मोठा आधार आहे, हे आरंभीच नमूद करतो.

कोणत्याही कसबाच्या धंद्यात नवख्याला एकदम एकटे सोडीत नाहीत. डॉक्टरला शेवटच्या परीक्षेनंतर वर्षभर इस्पितळात ज्येष्ठांच्या नजरेखाली काम करावे लागते. वकील सनद मिळाल्यावरही काही वर्षे एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या मागे फायली घेऊन हिंडतो. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर नारायणगड, भगवानगड यांच्या परिसरातील कीर्तनाची परंपरा पाहावी. तेथे पोरगा एकदम नारदाच्या गादीवर उभा राहत नाही. आधी कित्येक वर्षे टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा राहतो. बुवा प्रमाण कोठे घेतात, श्रोते पेंगू लागले की कोणता दृष्टांत काढतात, मुख्य अभंगावर परत कसे येतात, हे तो पाठीमागून पाहत असतो. शिक्षकाचे मात्र तसे नाही. तीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकापुढे जेवढा वर्ग असतो तेवढाच पहिल्या दिवशी नव्यापुढे असतो. किंबहुना पुष्कळदा तो अधिक अवघड असतो. कारण सोयीच्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि जेथे बस जात नाही ती डोंगरातली शाळा बहुधा नवख्याच्या वाट्याला येते.

यावर कोणी म्हणेल की, मग डी.एड. आणि बी.एड. कशासाठी ? बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवडे शाळेत काम करण्याची अट आली, हे चांगलेच झाले. तथापि सराव पाठ आणि स्वतःचा वर्ग यांत अंतर आहे. सराव पाठाला वर्ग दुसऱ्याचा असतो, पाठ एका घटकाचा असतो, मागे प्राध्यापक बसलेले असल्यामुळे मुले गप्प असतात आणि तक्ते व चित्रे रात्री जागून केलेली असतात. स्वतःच्या वर्गात दररोज पाच-सहा तास, वर्षातून दोनशेहून अधिक दिवस काढायचे असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली 'स्कूलटीचर' या आपल्या ग्रंथात याबाबत एक मार्मिक गोष्ट सांगितली. प्रत्येक माणूस विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत मोठा होतो. त्याची ही एक प्रकारची उमेदवारीच. पण ती बाकावर बसून केलेली. शिक्षक काय करतो ते त्याला दिसते, का करतो ते दिसत नाही. म्हणून अडचण आली की नवा शिक्षक पुस्तकातले शिक्षणशास्त्र बाजूला ठेवतो आणि त्याला लहानपणी जसे शिकवले गेले तसे शिकवू लागतो. आपल्यापैकी ज्यांना छडी खाऊन पाढे पाठ झाले त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता आपल्या जिल्ह्यातील नव्या शिक्षकापुढे नेमके काय येते ते पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. वाड्या-वस्त्या आणि तांड्यांवरच्या बहुतेक शाळा यात मोडतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत. त्या दोघांपैकी एकाची बदली झाली, तो रजेवर गेला किंवा तालुक्याला माहिती घेऊन गेला की, उरलेल्या एकाकडे सारी शाळा. हजेरीपत्रक, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती आणि पाचही इयत्ता. बंजारा तांड्यावरची पहिलीची मुले घरी गोरमाटी बोलतात. आईला 'याडी' म्हणणाऱ्या मुलापुढे 'आ आईचा' असे वाचले तर त्याला त्या अक्षराशी आईचा संबंध लागत नाही. हे पाठ्यपुस्तकात नाही, बी.एड.च्या टिपणांतही नाही. शेजारच्या तांड्यावर दहा वर्षे काढलेल्या शिक्षकाला मात्र ते पुरते ठाऊक असते.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. जूनमध्ये शाळा भरते, पोळ्यापर्यंत वर्ग मार्गाला लागतो, नवा शिक्षक मुलांची नावे आणि खोड्या ओळखू लागतो. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या येऊ लागतात. उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'कोयता' म्हणतात, ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घरी सांभाळणारे कोणी नसले तर मुलेही बरोबर जातात. थोरल्या मुलीला पाळण्यातले भावंड सांभाळण्यासाठी तर हटकून नेतात. दिवाळीची सुटी संपवून शिक्षक परत येतो तो अर्ध्या रिकाम्या वर्गात. माझी आतेबहीण सांगते की, पहिल्या वर्षी तिला वाटले, आपल्या शिकवण्यातच काही खोट आहे म्हणून मुले येईनाशी झाली. तिने घरोघर जाऊन पाहिले तर घरांना कुलपे. चुलत्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगं, पोळ्यालाच यादी करायची असते. कोणता कोयता कोणत्या मुकादमाकडे, कोणाची आजी मागे राहते, कोणाची नाही. दसऱ्याला विचारून काय उपयोग ? तोवर उचल खर्च होऊन गेलेली असते."

या एका वाक्यात केवढे ज्ञान आहे पाहा. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप स्थलांतर करीत असताना मुले गावातच नातेवाइकांजवळ राहावीत आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत व्हावी, अशी तिची रचना. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की जेथे जाईल तेथील शाळेत मुलाला बसता यावे. परंतु या दोन्हींचा उपयोग यादी वेळेवर तयार असेल तरच. आजी-आजोबांशी बोलणे, बापाला मुलगी मागे ठेवायला राजी करणे, हे पोळा ते दसरा या महिना-दीड महिन्यातले काम. नव्या शिक्षकाला त्याची कल्पना नसते आणि त्याचे वर्ष, किंबहुना त्याच्या मुलांचे वर्ष, तेथेच हातचे जाते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मुले परत येतात ती वाचन विसरून. राहिलेली मुले एका टप्प्यावर, आलेली दुसऱ्या टप्प्यावर, आणि परीक्षा एकच. अशा वर्गाची घडी कशी बसवावी हा वर्षातला दुसरा पेच. राज्यात इतरत्र नव्या शिक्षकाची कसोटी पहिल्या महिन्यात लागत असेल. आपल्याकडे ती दिवाळीनंतर लागते.

अशा वेळी शासनव्यवस्थेत त्याच्या मदतीला कोण आहे ? कागदावर पाहिले तर आहेत. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफून शाळासमूह करावेत, म्हणजे खेड्यातल्या शिक्षकाचे एकटेपण मोडेल, अशी त्या आयोगाची कल्पना होती. महाराष्ट्रात पुढे १९९४ साली केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही योजना आली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, त्याने शाळांना भेटी द्याव्या, नमुनापाठ द्यावेत, शिक्षण परिषदेत शिक्षकांना एकत्र आणावे. योजना चांगली, पण तिचे झाले काय ? केंद्रप्रमुखाची बरीच शक्ती माहिती गोळा करून वर पाठविण्यात जाते. कित्येक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, तेव्हा एका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रे आली. परिषदेत पाठाची चर्चा व्हायची त्याऐवजी परिपत्रके वाचली जातात, असे एकाहून अधिक शिक्षकांनी मला सांगितले. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहे; तिच्याकडून आष्टीच्या टोकाच्या वस्तीशाळेपर्यंत वारंवार कोणी पोचावे ही अपेक्षाच अवास्तव होय.

दुसरी व्यवस्था शिक्षणसेवक योजनेची. २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये मिळत; २०२३ साली ते १६,००० झाले. ही तीन वर्षे उमेदवारीची म्हणावीत, तर उमेदवाराला शिकविणारा उस्ताद कोठे आहे ? उमेदवारीतला कमी पगार तेवढा घेतला आणि उमेदवारीतले शिक्षण सोडून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांच्या अखेरीस काम समाधानकारक असल्याचा अहवाल लागतो. हा अहवाल ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे "मला तिसरीची वजाबाकी शिकविता येत नाही" असे कोणता शिक्षणसेवक म्हणेल ? वही तपासणारा डोळा आणि अडचण ऐकणारा कान एकाच माणसाचा असला की कान बंद पडतो. साहेब येणार म्हटले की टाचण पूर्ण होते, भिंती रंगतात, हुशार मुले पुढच्या रांगेत येतात. आणि जेथे मदत हवी असते तो कोपरा झाकला जातो. तपासणी नको असे मला म्हणायचे नाही. सरकारी पैसा आहे, हिशेब हवाच. मात्र तपासणी ही सोबतीची जागा घेऊ शकत नाही.

सोबत म्हणजे तरी काय, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. तिसरीच्या वर्गात बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांगितले. अर्ध्या मुलांचे उत्तर पस्तीस. नवा शिक्षक लाल रेघ मारतो, हातच्याची रीत फळ्यावर पुन्हा करून दाखवितो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस येते. अनुभवी शिक्षक मागे बसलेला असेल तर तो फळ्याकडे न पाहता मुलाकडे पाहतो, आणि हळूच विचारतो, "बाळा, कसे केलेस ?" मूल सांगते, "सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन." मुलाने मोठ्यातून लहान वजा करण्याचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे ! चूक निष्काळजीपणाची नाही, समजुतीची आहे. तिला रेघ मारून उपयोग नाही, काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायला हवा. दुसरे एक मूल बेचाळीस ऐकून '२४' लिहिते, कारण आपल्या भाषेत दोन आधी उच्चारला जातो आणि चाळीस नंतर. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ! त्यामागची ही अडचण किती टीकाकारांनी लक्षात घेतली कोण जाणे.) या दोन गोष्टी नव्या शिक्षकाने एकदा दुसऱ्याच्या डोळ्याने पाहिल्या की जन्मभर पुरतात. पाठापूर्वी पाच मिनिटे बोलावे, आज काय पाहायचे ते दोघांनी ठरवावे, मागे बसून शिक्षकाच्या चुका नव्हे तर मुलांची उत्तरे टिपून घ्यावीत आणि शाळा सुटल्यावर त्या टिपणावर बोलावे. सोबतीची रीत इतकी साधी आहे. तिला पैसा फारसा लागत नाही; वेळ आणि विश्वास लागतो.

आपल्या मराठी मुलखात याचे उत्तम उदाहरण घडलेले आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई त्या वेळी पस्तिशीच्या आणि आधीच शिक्षिका म्हणून काम केलेल्या, ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेले होते. म्हणजे त्यांनाही कोणाची तरी सोबत लाभली होती. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरांमागे जातात तर कुरणात न्यावी, असे करून त्यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या केल्या. ऊसतोडीच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला याचे मोल कळायला वेळ लागू नये. ताराबाई १९७३ साली गेल्या, तोवर अठ्ठावीस वर्षे ही सोबत चालली. तेथे साहेब आणि सेविका असे नाते नव्हते. दोघींपुढे तीच वारली मुले होती.

आजही त्याच टापूत, पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथे, नीलेश निमकर यांनी २००७ साली स्थापन केलेली क्वेस्ट ही संस्था शिक्षकांना प्रशिक्षण देऊन थांबत नाही. कार्यकर्ते वर्गात जाऊन शिक्षकाबरोबर काम करतात. बीडचे पुष्कळ तरुण शिक्षक म्हणून कोकणात आणि पालघरकडे लागतात, आणि जिल्हा बदलीची वाट पाहत वर्षे काढतात. त्यांच्यापुढे वारली किंवा कातकरी बोलणारी मुले असतात. म्हणजे आपल्या वाचकांपैकी कोणाला ही सोबत बीडमध्ये नव्हे, तर तिकडे लागेल.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे उदाहरण थोडे निराळे आहे. तेथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले आणि २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाल्यावर राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. प्रत्यक्ष वर्ग पाहणे हे दहा व्याख्यानांहून मोलाचे, यात शंका नाही. पण एका दिवसात जे दिसते ते फरशीवरचे रंगीत आकडे. अनेक ठिकाणी शिक्षकांनी गावी परतून फरशा रंगविल्या आणि तेथेच काम थांबले. पाहून आल्यावर पुढचे सहा महिने बरोबर राहणारे कोणी हवे होते.

परदेशात ही गोष्ट नशिबावर सोडलेली नाही. जपानमध्ये १९८९ पासून पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला शाळेतलाच एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून मिळतो. शिवाय एकाने पाठ घ्यायचा, इतरांनी पाहायचा आणि मग सर्वांनी मिळून तो सुधारायचा, ही प्रथा तेथे त्याहूनही जुनी आहे. स्कॉटलंडने २००२ पासून पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाच्या तासिकाच कमी केल्या आणि उरलेला वेळ शिकण्यासाठी राखला. आपल्या देशात दिल्ली सरकारने २०१६ साली २०० मेंटॉर शिक्षक निवडले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग २०२२ साली ३० केंद्रीय शाळांत प्रयोग म्हणून सुरू झाले आणि २०२४ साली त्याची मार्गदर्शक पुस्तिका आली. मात्र त्याचा बराचसा भर संगणकाच्या पडद्यावरून होणाऱ्या सल्ल्यावर आहे. तांड्यावर रेंज येते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पोळ्याची यादी पडद्यावरच्या दिल्लीकर सल्लागाराला सुचणार नाही.

चुलते या सगळ्यावर हसतात. "आम्हाला कोणी मेंटॉर नेमला होता ?" त्यांचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मग ध्यानात आले की त्यांना सोबत होती, फक्त तिला नाव नव्हते. त्यांच्या काळी गुरुजी गावात मुक्कामी असत. संध्याकाळी दोन-तीन गुरुजी एका खोलीत स्वयंपाक करीत, आणि भाकरी भाजता भाजता दिवसभराच्या वर्गाचे बोलणे होई. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ काही सहकाऱ्यांसह मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले, तेव्हा तेथील शिक्षकांचे जीवनही असेच एकत्र होते. आज शिक्षक तालुक्याहून मोटारसायकलवर येतो आणि साडेपाचला परततो. त्याची मुले तालुक्याच्या शाळेत असतात, घराचे हप्ते असतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती संध्याकाळ गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही.

जुना शिक्षक जोडीला दिला की सारे साधेल, असेही मी मानीत नाही. जुन्याजवळ अनुभवाबरोबर जुन्या खोडीही असतात. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली तरी "दोन दिल्याशिवाय ऐकत नाहीत" हा सल्ला देणारे कमी नाहीत. म्हणून सोबती निवडताना सेवाज्येष्ठता नव्हे, तर त्याच्या वर्गातली मुले वाचतात की नाही हे पाहावे. २०२३ साली रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर घेण्याचे ठरले. त्या वेळी वाटले, यांच्यापैकी निवडक माणसांना वर्ग चालवायला न बोलावता नव्यांच्या वर्गात बसायला बोलावले असते तर ? त्यांना अहवाल लिहायचा नाही, बदलीची चिंता नाही, आणि जिल्ह्यातल्या वाटा पायाखालच्या आहेत.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर वेळापत्रक हंगामाप्रमाणे ठेवावे लागेल. सारखे अंतर ठेवून महिन्याला एक भेट, या हिशेबाने काही साधणार नाही. पोळा ते दसरा आठवड्याला एक भेट हवी आणि ती वर्गापेक्षा वस्तीत अधिक. दिवाळीनंतर पंधरा दिवस उरलेल्या मुलांचे गट लावण्यासाठी. मग मध्ये विरळ झाल्या तरी चालेल. आणि मार्चमध्ये टोळ्या परतू लागल्या की पुन्हा दाट. जूनमधली पहिली भेट मात्र नव्याने जुन्याच्या वर्गात बसून व्हावी. जुन्याची एखादी फजिती, एखादा न जमलेला पाठ नव्याने डोळ्यांनी पाहिला, तर पुढच्या आठवड्यात स्वतःच्या वर्गाचे दार उघडायला त्याला संकोच वाटणार नाही.